कॉलेज ऑनलाइन झालं की नेमकं काय बुडतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. राजापूर तालुक्यातल्या एका वाडीतली मुलगी रत्नागिरीत खोली घेऊन बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला शिकते. इमारतीची दुरुस्ती निघाल्यामुळे पुढचं सत्र थिअरीचे तास ऑनलाइन होणार आणि प्रॅक्टिकलचं ‘नंतर कळवू’ असं कॉलेजनं सांगितलंय. घरचे म्हणतात, मग भाडं कशाला भरायचं, सामान उचल आणि घरी ये. ती विचारते, “कॅन्टीन, गॅदरिंग, मैत्रिणी हे सोडून द्या. अभ्यासाच्या दृष्टीनं माझं नेमकं काय बुडणार आहे? लेक्चर तर सगळे मिळणारच आहेत.”

मी याच जिल्ह्यात बरीच वर्षं रसायनशास्त्र शिकवलं. २०२० ते २०२२ हा काळही फोनसमोर बसून शिकवण्यात गेला. त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

आधी तुझ्या म्हणण्यातलं बरोबर आहे तेवढं मान्य करतो. लेक्चर बुडत नाही. कॉलेजातली जी एक गोष्ट ऑनलाइन सर्वांत चांगली जाते ती लेक्चरच. केंद्र सरकारच्या ‘स्वयम्’ या पोर्टलवर २०१७ पासून देशभरातल्या प्राध्यापकांचे अभ्यासक्रम फुकट बघता येतात, आणि विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत विषय तिथून करून त्यांचे क्रेडिटही घेता येतात. तिथले काही जण माझ्यापेक्षा चांगलं शिकवतात. थर्मोडायनामिक्समधला एखादा मुद्दा चार वेळा मागे नेऊन ऐकायची सोय फळ्यावर कधीच नव्हती. तेव्हा ऑनलाइन म्हणजे शिक्षणाचं वाटोळं, असं म्हणणाऱ्यांत मी नाही.

बुडतं ते दुसरंच. कॉलेजात बऱ्याच गोष्टी न मागता पदरात पडतात. ऑनलाइनमध्ये मागितल्याशिवाय काही मिळत नाही. आणि मागायचं काय, हे ज्याला कळतं त्याचं कुठेही फारसं बिघडत नाही. घरात आधी कुणी कॉलेज केलेलं असलं, मुंबईत काका-मामा इंजिनीअर असले, की तो मुलगा मेल लिहून विचारतो, फोन करतो, काम करून घेतो. ज्याच्या घरातून कॉलेजात जाणारा तो पहिलाच, त्याला आपल्याला काय येत नाही हेच माहीत नसतं. मग तो मागणार काय? आपल्याकडच्या कॉलेजांत अशी मुलं भरपूर.

वर्गापासूनच सुरू करतो. अठ्ठेचाळीस मिनिटांच्या तासात मी ‘कळलं का’ हे कितीदा विचारलं असेल, आणि उत्तर नेहमी ‘हो सर’ असंच आलं. त्या उत्तरावर कुठलाच मास्तर विश्वास ठेवत नाही. तो बघतो पेनं. समीकरण लिहिताना मधल्या बाकांवरची पेनं एकदम थांबली की समजायचं, गाडी इथे अडकली. मग मी तोच मुद्दा दुसऱ्या बाजूनं सांगायचो. कुणी विचारलेलं नसायचं. ऑनलाइन तासाला समोर दिसतात गोलातली इंग्रजी आद्याक्षरं. बोलतोय ते कुठे पोचतंय याचा पत्ता नाही, म्हणून बोलणाराही न थांबता पुढे जातो. त्या काळात पोर्शन वेळेआधी संपले, ते यामुळेच. सगळ्यांना फार बरं वाटलं होतं.

याला जोडून आणखी एक गोष्ट आहे, आणि ती आपल्या भागातल्या मुलांना सर्वांत जास्त लागते. आपल्याकडे बरीच मुलं दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकून आलेली, आणि बी.एस्सी.ची पुस्तकं सगळी इंग्रजीत. प्रत्यक्ष वर्गात काय होतं? व्याख्या इंग्रजीत, आणि चेहरे कोरे दिसले की गाडी मराठीवर. “म्हणजे बघा, इलेक्ट्रॉन इथनं उठला आणि तिकडे जाऊन बसला,” असं. नियमाप्रमाणे ते कितपत चालतं कुणी विचारू नये, पण निम्मं शास्त्र पोरांना त्या वाक्यांतून कळतं. तास रेकॉर्ड व्हायला लागला आणि ही मराठी आवरती घेतली गेली. व्हिडिओ कोण बघेल, प्राचार्य बघतील, कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फायलीत जाईल, म्हणून सगळे शुद्ध इंग्रजीत बोलायला लागले. चॅटमध्ये एकानं इंग्रजीत प्रश्न टाकला की बाकीच्यांनी मराठीत टाकायचा धीर सोडला. माझ्या मते त्या दोन वर्षांत सगळ्यात मोठं नुकसान इथे झालं, आणि ते कुठल्याच अहवालात आलं नाही.

दुसऱ्यानं विचारलेला प्रश्न, हीसुद्धा अशीच न मागता मिळणारी गोष्ट. मोलॅरिटी आणि मोलॅलिटी या द्रावणाची तीव्रता मोजायच्या दोन रीती, त्यांतला फरक तुला कळलाय असं तुला वाटत असतं. शेजारचा उभा राहून विचारतो, “सर, तापमान वाढलं तर दोन्ही बदलतील का?” आणि तुझ्या लक्षात येतं की अरे, हे आपल्या डोक्यातच आलं नव्हतं. ऑनलाइनमध्ये तो मुलगा हाच प्रश्न तास संपल्यावर सरांना व्हॉट्सॲपवर विचारतो. त्याला उत्तर मिळतं. तुला प्रश्नही मिळत नाही.

आता प्रयोगशाळा. हिच्याबद्दल तुझ्या कॉलेजनं ‘नंतर कळवू’ म्हटलंय, म्हणून जरा तपशिलात सांगतो.

टायट्रेशन, म्हणजे रंग बदलेपर्यंत थेंब थेंब द्रावण घालून ते किती लागलं हे मोजायचं, ते तू पहिल्या वर्षी केलंच असशील. ब्युरेटमध्ये, म्हणजे खाली तोटी असलेल्या मापनळीत, सोडियम हायड्रॉक्साइड, फ्लास्कमध्ये पिपेटनं घेतलेलं दहा मिली आम्ल, रंग दाखवायला दोन थेंब फिनॉल्फ्थॅलिन, खाली पांढरी टाइल. व्हिडिओत हे चार मिनिटांत होतं, रंग छान गुलाबी येतो, रीडिंग पडद्यावर लिहून येतं. प्रत्यक्षात पहिल्या बॅचला काय होतं ते मी दर वर्षी पाहिलंय. ब्युरेटच्या टोकात हवेचा बुडबुडा राहिलेला असतो. मधेच तो निघून जातो, आणि तेवढं द्रावण न घालताच मोजलं जातं. कुणी उजव्या हातानं तोटी फिरवतं, मग फ्लास्क हलवायला हात उरत नाही. शिवाय फिरवताना तोटी नकळत बाहेर ओढली जाऊन गळायला लागते. डावा हात ब्युरेटच्या मागून पुढे आणून तोटी धरायची आणि उजव्यानं फ्लास्क गोल फिरवत राहायचं, हे तोंडी सांगून जमत नाही. मागे उभं राहून हात धरावा लागतो. रीडिंग घेताना उंच मुलं वरून बघतात, बुटकी खालून, आणि दोघांचं उत्तर वेगळं येतं. डोळे द्रावणाच्या पातळीत आणून खालची वक्ररेषा वाचायला गुडघ्यात वाकावं लागतं.

आणि शेवटचा थेंब. रंग येतो, फिरवला की जातो, परत येतो, परत जातो. इथे घाई केली की फ्लास्क गडद गुलाबी होतो आणि प्रयोग पहिल्यापासून. घाई केली नाही तर अर्धा थेंब सोडायचा असतो. तो टोकाला नुसता लटकवायचा, फ्लास्कच्या आतल्या भिंतीला टेकवायचा आणि वॉश बॉटलनं खाली उतरवायचा. मग दिसेल न दिसेल असा फिका गुलाबी रंग, जो अर्धा मिनिट टिकला पाहिजे. हा रंग कसा असतो हे फोनच्या पडद्यावर दाखवता येत नाही, कारण प्रत्येक फोनवर तो निराळा दिसतो.

लॉकडाऊनमधल्या बॅचची जर्नलं मी तपासली. सीबीआर, म्हणजे पुन्हा पुन्हा तेच येणारं ब्युरेटचं रीडिंग, सगळ्यांचा बरोबर. तिन्ही रीडिंग दहा, दहा, दहा. एका मुलाचं नव्हे, अख्ख्या बॅचचं. प्रत्यक्ष प्रयोगशाळेत साडेनऊ, दहा पूर्णांक चार, दहा असं येतं आणि पोरं रडकुंडीला येतात, “सर, माझं जुळत का नाही?” त्या प्रश्नासाठी तर प्रयोगशाळा असते. केंद्र सरकारच्या ‘व्हर्च्युअल लॅब्स’ या प्रकल्पात चांगले सिम्युलेशन आहेत, आयआयटी दिल्लीच्या पुढाकारानं झालेले. प्रयोगाच्या आदल्या रात्री क्रम समजून घ्यायला जरूर बघ. पण त्या ब्युरेटमध्ये बुडबुडा अडकत नाही आणि ती गळतही नाही.

तेव्हा प्रॅक्टिकल ऑनलाइन घेतो असं कॉलेज म्हणालं तर मान्य करू नका. यावर शेवटी येतो.

कॉलेजबाहेरच्या प्रयोगाचं एक उदाहरण देतो, कारण तिथे आणखी वेगळी गोष्ट हाती लागते. भाट्याच्या खाडीतलं पाणी आणून त्यातला क्लोराइड मोजायचा, असा एक छोटा प्रकल्प आम्ही मुलांकडून करून घ्यायचो. सिल्व्हर नायट्रेट, पोटॅशियम क्रोमेट, पिवळ्याचा विटकरी रंग होईपर्यंत टायट्रेशन. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण पस्तीस ग्रॅम क्षार आणि त्यात एकोणीस ग्रॅमच्या आसपास क्लोराइड, म्हणून नमुना आधी दहापट पातळ करायचा, नाही तर महागाचं सिल्व्हर नायट्रेट पहिल्याच नमुन्यात संपतं. बाटली त्याच पाण्यानं दोनदा विसळायची. चिठ्ठीवर वेळ पेन्सिलीनं लिहायची, शाई ओली झाली की पसरते. सिल्व्हर नायट्रेटचे काळे डाग कितीही धुतले तरी आठ-आठ दिवस बोटांवरून जात नाहीत. एसटीत बसलेला कुणी ती बोटं बघून विचारायचा, काय गो, काय लावलंयस?

तर अशाच एका बॅचमध्ये खाडीकाठच्या वाडीतला एक मुलगा होता. मच्छीमाराच्या घरातला. वर्गात शेवटचा बाक, तोंडातून शब्द नाही, इंग्रजीचं भय. नमुने कधी घ्यायचे याची चर्चा चालली होती. पुस्तकात लिहिलेलं की भरती आणि ओहोटीला घ्यावेत. हा मागून हळूच म्हणाला, “सर, या आठवड्यात भांग आहे, म्हणजे भरती-ओहोटीत फरक कमी. भरती आत फार चढायची नाही. उधाणाचं पाणी बघा, मग फरक दिसेल.” विचारलं तर सगळं सांगायला लागला. तिथीला पाऊणनं गुणलं की ढोबळमानानं भरतीची वेळ येते. तृतीयेला सव्वादोन वाजता भरती, म्हणजे सकाळी सव्वाआठच्या सुमारास पूर्ण ओहोटी. रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकणार. पौर्णिमेनंतर दोन-तीन दिवस उधाण चांगलं असतं आणि ओहोटी उजेडात सापडते. दिवस त्यानंच ठरवला. कुठे चिखलात पाय रुततो आणि कुठून उतरायचं, हेही त्यानंच दाखवलं. त्या दिवसानंतर वर्गात पोरं त्याला विचारायला लागली, आणि तो उत्तरं द्यायला लागला. पुढे इंग्रजीचं भयही कमी झालं.

हा मुलगा ऑनलाइन तासाला चॅटमध्ये लिहिता का, की सर, तुमची तारीख बदला? कधीच नाही. त्याला जे येत होतं ते अभ्यासक्रमात नव्हतं, म्हणून ते विचारायचं कुणाला सुचलं नसतं, आणि आपल्याला येतं ते सांगण्यासारखं आहे हे त्याला वाटलं नसतं. खाडीवर उभे होतो म्हणून ते बाहेर आलं.

ऑफिसचंही असंच. तुला वाटेल, ऑफिसचा शिक्षणाशी काय संबंध? शिष्यवृत्तीचा फॉर्म महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर भरलेला असतो आणि पोरं निर्धास्त. फॉर्म त्रुटीत परत येतो, मेसेज येतो तो आधारला जोडलेल्या बाबांच्या नंबरवर, आणि बाबा असतात बोटीवर किंवा बागेत. कॉलेज चालू असलं की जिन्यात क्लार्क भेटतो आणि ओरडतो, “अगो, तुझा फॉर्म परत आलाय, उत्पन्नाचा दाखला जुना लावलायस!” वाक्य तेवढंच, पण त्याच्यावर वर्षाची फी वाचते. परीक्षेच्या अर्जात विषयाचा कोड चुकला, जात पडताळणीचं राहिलं, नावातलं स्पेलिंग मार्कशीटवर वेगळं पडलं, या सगळ्या गोष्टी कॉलेजात येता-जाता कळतात. नोटीस बोर्ड वेबसाइटवरही असतो, मान्य. पण बोर्डासमोरून दिवसातून चारदा जावं लागतं, वेबसाइट आठवणीनं उघडावी लागते.

ग्रंथालयाचं मी लांबवत नाही. पीडीएफ मिळतात, हवं ते पुस्तक सापडतं. नको असलेलं पण शेजारी ठेवलेलं पुस्तक मात्र सापडत नाही.

आता तुझ्या घराविषयी बोलतो. राग मानू नकोस. तुझ्या घरचे चांगलेच असणार, नाही तर रत्नागिरीला पाठवलंच नसतं. पण ‘कॉलेजला गेली’ आणि ‘घरात फोन घेऊन बसली’ यांतला फरक आपल्याकडच्या घरांत कुणी कितीही समजूतदार असलं तरी पाळला जात नाही. मुलगी घरात आहे म्हणजे ती मोकळी आहे. जुलैत लावणी असते, तेव्हा एक माणूस कमी पडत असतो. मग गौरी-गणपती. मार्च उजाडला की काजूच्या बिया, मग आंब्याच्या पेट्या, मेमध्ये रातांबे फोडायला बसा. तास चालू असताना ‘एवढं पाणी तेवढं भरून ये’ हे तर रोजचंच. मुलग्यांना यातून पूर्ण सूट होती असं नाही, तेही बागेत दिसायचे. पण ऑनलाइन तासाला कानात हेडफोन आणि हातात कोयती, अशा मुली मी जास्त पाहिल्यात. त्या हजेरीत असायच्या. काही ऐकत असतील असं मला वाटत नाही.

कॉलेज ही घराबाहेरची एक मान्यताप्राप्त जागा आहे. तिथे सहा तास कुणी तुला काम सांगू शकत नाही. ही गोष्ट अभ्यासक्रमात येत नाही, पण अभ्यासाला लागते तीच. वस्तीच्या एसटीनं पहाटे निघणाऱ्या मुली आठ तासांची झोप मोडून येतात, त्यात रसायनशास्त्राचं प्रेम किती असतं ते मला माहीत आहे. बाकी या सहा तासांचं असतं.

रेंजचं नव्यानं काय सांगू? सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावर, छत्री उघडून बसलेली मुलं त्या काळात सगळ्यांनी पाहिली. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, तेव्हा दापोली-मंडणगडाकडे कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. टॉवरही पडून होते. तिथल्या मुलांना ‘ऑनलाइन परीक्षा द्या’ सांगायला विद्यापीठाची जीभ रेटली, एवढंच म्हणतो. आज परिस्थिती बरीच बरी आहे, तरी तुझ्या वाडीत पावसात वीज किती तास जाते हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत.

एका नुकसानाकडे मात्र त्या वेळी कुणाचं लक्ष गेलं नाही. ते पुढे कळलं. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये मुंबई विद्यापीठाच्या अंतिम वर्षाच्या परीक्षा ऑनलाइन, बहुपर्यायी झाल्या. पुढेही काही सत्रं तसंच चाललं. २०२२ च्या उन्हाळ्यात पुन्हा लेखी पेपर आले आणि पर्यवेक्षक म्हणून वर्गात फिरताना मी पाहिलं, की तासाभरातच पोरं पेन खाली ठेवून मनगट चोळतायत. हुशार मुलं. उत्तर येत होतं, हात चालत नव्हता. दीर्घोत्तरी प्रश्नाची मांडणी, म्हणजे आधी व्याख्या, मग आकृती, मग समीकरण, शेवटी एक उदाहरण, ही सवय हाताला असते. ती गेली होती. सप्लिमेंट मागणारं वर्गात कुणीच नव्हतं. वर्गात रोज वहीत उतरवून घेणं हे आपण मागास म्हणून हसण्यावारी नेतो, पण त्या वेळी हाताचा सराव त्यातूनच होत होता.

गॅदरिंग, ट्रॅडिशनल डे, युवा महोत्सव यांचं तू आधीच ‘सोडून द्या’ म्हटलंयस. मी पूर्ण सोडणार नाही. एनएसएसच्या सात दिवसांच्या शिबिरात वनराई बंधारा घालताना रिकाम्या गोणी कुठून आणायच्या, पन्नास जणांची आमटी किती पाण्यात होते आणि सरपंचांशी कुठल्या सुरात बोलायचं, हे मुलं शिकतात. नोकरीत उपयोगी पडलेलं काय, असं जुन्या विद्यार्थ्यांना विचारलं तर निम्मे हेच सांगतात. बाकीचे प्रयोगशाळा सांगतात. माझी लेक्चर अजून कुणी सांगितलेली नाहीत.

आणि शिफारसपत्र. पुढे एम.एस्सी.ला किंवा कुठल्या संस्थेत उन्हाळी प्रकल्पाला अर्ज करशील तेव्हा दोन शिक्षकांची पत्रं मागतील. ऑनलाइनच्या दोन वर्षांतली मुलं पत्र मागायला आली तेव्हा मी काय लिहिणार होतो? नाव, मार्क, वर्तणूक चांगली. जिचं रीडिंग जुळलं नाही म्हणून जी संध्याकाळी साडेपाचपर्यंत थांबली आणि बुडबुडा शोधून काढला, तिच्याबद्दल पानभर लिहिता येतं.

आता तू काय करावंस.

प्रॅक्टिकलचं वेळापत्रक लेखी हातात येईपर्यंत खोली सोडू नकोस. एक मैत्रीण शोध, भाडं निम्मं कर. तेही परवडत नसेल तर घरी जा, पण आठवड्याचे दोन दिवस ठरवून रत्नागिरीला ये. १७ मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, त्यामुळे दोन फेऱ्यांचा खर्च भाड्यापेक्षा कमीच पडेल. त्या दोन दिवसांत ग्रंथालय, ऑफिस आणि निदान एका शिक्षकाची गाठ. ऑफिसात काम नसलं तरी एक चक्कर मारायची आणि ‘माझं काही राहिलंय का’ विचारायचं. जे जिन्यात आपोआप कळायचं ते आता मुद्दाम विचारावं लागणार.

घरी असशील त्या दिवशी एकटी तासाला बसू नकोस. वाडीत किंवा शेजारच्या गावात कॉलेजची आणखी एक-दोन मुलं असतील, विषय वेगळा असला तरी चालेल. एकाच घरात, एकाच वेळेला बसा. घरातल्या माणसांना चार पोरं वही घेऊन बसलेली दिसली की कामं सांगायला संकोच वाटतो. हा उपाय तेव्हा काही मुलींनी स्वतःच शोधून काढला होता आणि तो चालला. लेक्चर ऐकताना वहीत लिही. नुसता स्क्रीनशॉट काढून ठेवू नकोस, तो परत कुणी बघत नाही. दर पंधरवड्याला जुनी प्रश्नपत्रिका घेऊन घड्याळ लावून पूर्ण पेपर हातानं सोडव.

प्रश्न मराठीत विचार. चॅटमध्ये, मोठ्यांदा, सगळ्यांसमोर. पहिल्यांदा तू विचारलास की पाच जण मागून येतील, आणि तुझे सरही सुटकेचा श्वास सोडून मराठीत उत्तर देतील. कॅमेरा सगळ्यांनी चालू ठेवायला डेटा परवडत नाही हे खरं. पण रोज आळीपाळीनं पाच-सहा जणांनी ठेवला तरी शिकवणाऱ्याला पेनं थांबलेली दिसतात. हे तुम्ही मुलांनीच सरांना सुचवा, त्यांना आवडेल.

आणि प्रॅक्टिकल. कॉलेजला अर्ज द्या की इमारतीचा एखादा भाग दुरुस्तीत असेल, तर सत्राच्या शेवटी वीस-वीसच्या बॅच करून सलग आठ दिवस रोज दोन प्रयोग घ्या, किंवा जवळच्या दुसऱ्या कॉलेजची प्रयोगशाळा सुट्टीत मागून घ्या. २०२१ मध्ये कॉलेजं उघडल्यावर आमच्याकडे पहिला पर्याय वापरला होता, दमछाक झाली पण मुलांचे हात बसले. अर्ज एकटीनं देऊ नकोस. वर्गातल्या सगळ्यांच्या सह्या घे, विभागप्रमुखांना आधी दाखव म्हणजे त्यांचा अवमान होणार नाही, आणि दोन प्रती काढून दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घे. ‘ठेवून जा, बघतो’ असं म्हणाले तर शिक्का मिळेपर्यंत खिडकीसमोरून हलू नकोस.